आठ भोकांचा पुठ्ठा

आमच्या घरी एका जुन्या लोखंडी पेटीत पुठ्ठ्याचा एक तुकडा जपून ठेवलेला आहे. कधीकाळी तो बिडीच्या खोक्याचा भाग होता. त्याला एका ओळीत आठ भोके आहेत आणि पहिल्या भोकाजवळ पेन्सिलीने एक बाण काढलेला आहे. हा बाण रेडिएटरची बाजू दाखवतो. तेलाने पुठ्ठा इतका काळा पडला आहे की घरी येणारे पाहुणे विचारतात, हे कशाला ठेवले? मी सांगतो, हा माझ्या अब्बांचा दस्तऐवज आहे. त्यांनी आयुष्यात दुसरे काही लिहून ठेवले नाही.

अब्बा मोटार मेकॅनिक होते. भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागून त्यांचे गॅरेज होते. गॅरेज म्हणजे चार बल्ल्या, वर टिनाचे पत्रे आणि बाजूला कडुनिंबाची सावली. नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या या रस्त्याला इंग्रजांच्या काळात ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला आणि आता त्याचा क्रमांक ५३ आहे. क्रमांक बदलले, पण मे महिन्यातले ऊन बदलले नाही. त्या उन्हात गाड्या तापत, रेडिएटरमधून वाफेचे कारंजे उडे आणि ड्रायव्हर येऊन म्हणे, "का जी मिस्तरी, हेड उतरवावं लागते का?"

हेड उतरवणे. लहानपणी हे शब्द मी इतक्या वेळा ऐकले की त्यात काही इतिहास असेल असे कधी वाटलेच नाही. पुढे मी बी.ए. केले, त्यात इतिहास हा विषय होता. जेम्स वॅटचे वाफेचे इंजिन पाठ केले, औद्योगिक क्रांतीची कारणे आणि परिणाम लिहिले. पण रोज डोळ्यांसमोर उघडणाऱ्या इंजिनाचा इतिहास कुठल्याच प्रश्नपत्रिकेत आला नाही. तो आज थोडासा सांगायचा आहे.

ज्यांनी इंजिन उघडलेले पाहिले नसेल त्यांच्यासाठी आधी एक साधी गोष्ट सांगतो. मोटारीच्या इंजिनाचा मुख्य ठोकळा म्हणजे ब्लॉक. त्यात गोल विहिरींसारखे सिलिंडर असतात आणि त्या विहिरींत दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खालीवर होतो. या विहिरींवर जे जड झाकण बसते ते हेड. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पेटते ते या झाकणाच्या आणि दट्ट्याच्या मधल्या जागेत. झाकण आणि ब्लॉक यांच्यामध्ये एक पातळ पॅकिंग असते, त्याला गॅसकेट म्हणतात. आत आग, बाजूच्या वाटांतून वाहणारे पाणी, शेजारून जाणारे तेल. या तिघांची एकमेकांशी गाठ पडू द्यायची नाही, एवढेच गॅसकेटचे काम. घरातल्या थोरल्या सुनेसारखे म्हणा ना! ती आहे तोवर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ती खचली की सगळ्या घराचा कारभार बंद पडतो.

आता गंमत अशी की, सुरुवातीच्या कित्येक मोटारींना असे निघणारे हेडच नव्हते. सिलिंडर आणि त्याचे झाकण एकाच ओतकामात ओतलेले असे. सांधा ठेवला तर तो आगीपुढे टिकेल, याची कारागिरांना खात्री वाटत नसे. त्यामुळे आतली काजळी काढायची तर वरच्या लहानशा बुचातून हात घालायचा, नाहीतर अख्खे सिलिंडरच उचलून काढायचे. अमेरिकेत हेन्री फोर्डने १९०८ मध्ये मॉडेल टी ही गाडी बाजारात आणली. तिचे चारही सिलिंडर एकाच ठोकळ्यात होते आणि वरचे हेड बोल्ट काढून उचलता येत होते. १९२७ पर्यंत या गाड्या दीड कोटींहून अधिक बनल्या. निघणारे हेड जगभर पोहोचवले ते या गाडीने. शेतकरी, लोहार, सायकलवाला, ज्याच्या हाती पाना होता त्याला इंजिनाच्या आत डोकावता येऊ लागले. माझ्या मते रस्त्याकडेच्या गॅरेजचा जन्म तिथे झाला. आपल्याकडे १९२६ मध्ये फोर्डने मुंबईत कंपनी काढली, १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईतच गाड्या जोडायला सुरुवात केली, आणि हळूहळू हा पाना आमच्या धानाच्या मुलखातही आला.

त्या काळच्या बहुतेक गाड्यांचे हेड नुसते झाकण होते. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह, ज्यांना आमच्या गॅरेजात 'वाल' म्हणत, ते खाली ब्लॉकमध्ये बाजूला असत. दुसऱ्या महायुद्धातली जीपही याच जातीची. या झाकणाच्या आतल्या आकाराला महत्त्व आहे, हे इंग्लंडच्या हॅरी रिकार्डो या इंजिनिअरने दाखवले. १९१९ मध्ये त्याने असे हेड बनवले की त्यातल्या पोकळीमुळे आतले मिश्रण चांगले घुसळले जाई आणि लवकर जळे. तेवढ्याच पेट्रोलवर इंजिन जास्त जोर देऊ लागले.

मग वाल ब्लॉकमधून उठून हेडमध्ये गेले. आपल्या अ‍ॅम्बेसेडरची गोष्ट याच बदलाची आहे. ती आली तेव्हा तिचे इंजिन बाजूला वाल असलेले, जुन्या पद्धतीचे होते. १९५९ मध्ये तिला १४८९ सीसीचे नवे इंजिन मिळाले, त्यात वाल वर हेडमध्ये होते. खालून त्यांना ढकलायला वीतभराहून लांब अशा आठ लोखंडी काड्या होत्या, त्यांना पुशरॉड म्हणतात. आता पुठ्ठ्याच्या आठ भोकांचा उलगडा झाला असेल. हेड उतरवताना या काड्या एकेक करून वर ओढून काढायच्या आणि ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पुठ्ठ्यात खोवायच्या. वर्षानुवर्षे प्रत्येक काडी आपल्या जागेवर घासून तिथलीच झालेली असते. तिला शेजारणीच्या घरात बसवले तर ती खडखड करून सांगते, हे घर माझे नाही. अब्बांना इंग्रजी वाचता येत नव्हते. पण गाडीसोबत येणाऱ्या इंग्रजी पुस्तकात जो क्रम छापलेला असे, तोच क्रम त्यांनी बिडीच्या खोक्यावर लिहिला होता.

हे हेड इतक्या वेळा का उतरवावे लागे, हा प्रश्न नव्या पिढीला पडेल. आज नव्या गाडीचे बॉनेट उघडून आत काय आहे हे न बघताही माणूस वर्षानुवर्षे ती चालवतो. पण तेव्हा आत साचणारी काजळी हा रोजचा शत्रू होता. इंधन पूर्ण जळत नसे, इंजिन ऑइल आजच्यासारखे मळ धुऊन नेणारे नव्हते. दट्ट्याच्या माथ्यावर आणि हेडच्या पोटात काळा कठीण थर बसे. तो थर तापून लाल झाला की ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटे. चढावर गाडी आतून दगड मारल्यासारखी ठोके देई. मिस्त्री मान हलवून सांगे, नॉक मारतेय, डिकार्बन करावे लागेल.

या ठोक्यांवर अमेरिकेत एक औषध निघाले होते. थॉमस मिजली या संशोधकाला डिसेंबर १९२१ मध्ये आढळले की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग अगदी थोडे घातले तर ठोके थांबतात. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायो राज्यातल्या डेटन शहरात असे पेट्रोल विकायला आले. १९२४ मध्ये न्यू जर्सीत हे संयुग बनवणाऱ्या कारखान्यात पाच कामगार विषबाधेने मरण पावले. थोडा काळ गदारोळ झाला, विक्री थांबली, मग पुन्हा सुरू झाली आणि शिसे जगभरच्या पेट्रोलमध्ये गेले. शिशाने ठोके थांबवले, वालांच्या बैठकीही त्याच्या लेपाने झिजण्यापासून वाचल्या, हे खरे. पण ते धुरावाटे हवेत गेले आणि उरलेले इंजिनात राखाडी राखेसारखे बसले. ती राख खरवडायला कोण बसत होते? डेटनपासून हजारो मैलांवर, कडुनिंबाच्या सावलीत, माझे अब्बा बसत होते आणि त्यांच्या शेजारी मी.

हेड उतरवण्याची त्यांची रीत मला अजून पाठ आहे. आधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचे. ड्रायव्हरने कितीही घाई केली तरी अब्बा म्हणत, "पहले इसका गुस्सा उतरने दो." मग बॅटरीची तार काढायची, पाणी सोडायचे, कार्ब्युरेटर, नळ्या, सायलेन्सरकडे जाणारा जोड सोडवायचा. वरचे झाकण काढून रॉकरचा दांडा उचलायचा, काड्या पुठ्ठ्यात लावायच्या. शेवटी हेडचे नट. यांचा नियम एकच होता. खोलताना कडेकडून मध्ये यायचे, कसताना मधून कडेकडे जायचे. तेही एका दमात नाही. प्रत्येक नट थोडा थोडा, पाव फेऱ्याने, सगळ्यांना सारखा. एकीकडचे बोल्ट ढिले आणि दुसरीकडचे घट्ट राहिले तर हेड वाकते. एवढे करूनही हेड चिकटून बसले तर फटीत छिन्नी घालायची नाही. लाकडी मोगरीने बाजूने हलके ठोकायचे, किंवा प्लग परत लावून इंजिनाला हँडल मारायचे. आतली दाबलेली हवाच झाकण सोडवते.

त्यानंतर खरवडणे. दट्ट्याचा माथा नरम अ‍ॅल्युमिनियमचा, म्हणून त्यावर पोलादी पाते चालवायचे नाही. आमचे भंडारा पितळेच्या भांड्यांचे गाव. अब्बांनी तांबट आळीतून पितळेच्या पट्ट्या आणून ठेवल्या होत्या, त्यांनीच खरवडत. तांब्याचे वॉशर पुन्हा वापरायचे असले की शेगडीवर लाल करून पाण्यात टाकत. ठोकून ठोकून तांबे कडक होते आणि तापवले की मऊ होते, ही विद्या तांबटांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होती. ती आळीतून गॅरेजात यायला कुठल्या कॉलेजची गरज पडली नाही. वालांना पेस्ट लावून ते बैठकीवर घासायचे काम माझे असे. टोकाला रबरी चकती असलेली काठी दोन्ही तळव्यांमध्ये धरून ताक घुसळल्यासारखी फिरवायची. वालाच्या कडेला सगळीकडून सारखी राखाडी रेघ उमटली की काम झाले.

आता माझी चूक सांगतो. १९८६ च्या मे महिन्यात माझी दहावीची परीक्षा झाली होती आणि मी स्वतःला अर्धा मिस्त्री समजू लागलो होतो. गावातल्या एका डॉक्टरांची प्रीमियर पद्मिनी आली. तिला सगळे फियाटच म्हणत. अब्बा दुपारच्या नमाजाला गेले होते. डॉक्टरांना संध्याकाळी गाडी हवी होती आणि मला शाबासकी हवी होती. मी गरम इंजिनालाच पाना लावला आणि एका बाजूचे सगळे नट पूर्ण खोलून मग दुसऱ्या बाजूकडे गेलो. अ‍ॅम्बेसेडरचे हेड बिडाचे, ते कदाचित माझा उतावीळपणा पोटात घालून गेले असते. फियाटचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे. अब्बांनी परत आल्यावर त्यावर सरळ पट्टी आडवी ठेवली आणि हेड उजेडाकडे धरले. पट्टीखालून प्रकाशाची एक बारीक रेघ आरपार दिसली. त्या रेघेइतका लख्ख प्रकाश मी पुन्हा पाहिला नाही.

अब्बा मला काही बोलले नाहीत. त्यांनी डॉक्टरांच्या घरी जाऊन सांगितले, "साहेब, चूक आमच्या हातून झाली आहे, गाडी परवा मिळेल." दुसऱ्या दिवशी हेड गोणपाटात गुंडाळून, एस.टी.त मांडीवर घेऊन ते नागपूरला गेले. तिथे मशीनवर ते घासून सपाट करून आणले. खर्च स्वतः भरला. त्या महिन्यात अम्मीने किराणा कमी आणला, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. रात्री जेवताना अब्बा एवढेच म्हणाले, "खोलना जिसको आ गया, उसको आधा काम आ गया." माझ्या कवितेला याहून चांगला उस्ताद मिळाला नाही.

पण हा लेख अब्बांच्या कौतुकासाठी नाही. एक हिशेब राहून गेला आहे, तो मांडायचा आहे.

त्या काळचे गॅसकेट तांब्याच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचा थर घालून बनवलेले असे. अ‍ॅस्बेस्टॉस आगीत जळत नाही, म्हणून ते आगीच्या तोंडाशी बसवले. जुने गॅसकेट ब्लॉकला चिकटून तुकड्यांनी निघे. ते खरवडले की करडी भुकटी उडे. अब्बा वाकून ती तोंडाने फुंकून टाकत आणि त्याच श्वासात थोडी आत घेत. अ‍ॅस्बेस्टॉसचे बारीक तंतू फुप्फुसात बसतात आणि वीस, तीस, चाळीस वर्षांनी कॅन्सरसारखे आजार होऊ शकतात, हे आज सर्वमान्य आहे. तंबाखूच्या धुराची जोड असेल तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका आणखी वाढतो. अब्बा बिडी ओढत. शेवटची काही वर्षे त्यांना दम लागे, रात्री उठून बसावे लागे. डॉक्टरांनी बिडीला दोष दिला आणि तो चुकीचा असेल असे मी म्हणत नाही. गॅसकेटमुळेच झाले असेही म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की, तुम्ही काम काय करता, हे त्यांना कोणी विचारले नाही.

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांविषयी एक मोठा निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे त्यात म्हटले आहे. कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद किमान ४० वर्षे जपून ठेवावी, असाही आदेश दिला. निकाल वाचून मला आनंद झाला आणि लगेच प्रश्न पडला. अब्बांचे नाव कोणत्या हजेरीपटावर होते? त्यांचा मालक कोण? ४० वर्षांची नोंद कोणी ठेवायची? महामार्गावर प्रत्येक गावाबाहेर अशी गॅरेजे होती आणि प्रत्येकात दोनतीन पोरे हात काळे करत होती. मोटारीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी फोर्ड, रिकार्डो आणि मिजली यांची नावे लिहिली, ती लिहायलाच हवीत. पण त्यांच्या प्रत्येक शोधाचा उरलेला गाळ ज्यांनी नखांनी काढला, त्यांची नोंद कुठेच नाही.

नंतर काळ बदलला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जगात सर्वांत शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये मोटारींसाठीचे शिशाचे पेट्रोल थांबवले. म्हणजे मिजलीच्या औषधाचा अंमल जवळपास शंभर वर्षे चालला. कार्ब्युरेटर गेला, इंधन मोजून फवारणारी यंत्रणा आली, ऑइल सुधारले, गॅसकेट पोलादी पत्र्यांच्या थरांचे झाले. २०१४ मध्ये मारुती ८०० आणि अ‍ॅम्बेसेडर या दोन्ही गाड्या बनायच्या थांबल्या. आता काही इंजिनांच्या हेडचे बोल्ट एकदा खोलले की फेकून द्यावे लागतात, नवेच लावायचे असतात. हेड उतरवणे ही आता नेहमीची गोष्ट राहिली नाही. ते मोठे आजारपण झाले आहे. आणि ज्या विजेच्या मोटारी येत आहेत त्यांना तर हेडच नाही. मला याचे दुःख नाही. ज्या विद्येसाठी पोरांनी शिशाची राख आणि अ‍ॅस्बेस्टॉसची भुकटी हुंगावी, ती विद्या गेली तर बरेच झाले.

तरी भंडारा जिल्ह्याचा या यंत्राशी असलेला संबंध सहज तुटणारा नाही. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. इंजिनात सर्वांत जास्त होरपळतो तो धूर सोडणारा वाल. त्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एका पोलादात सुमारे ९ टक्के मँगनीज असते. लाखनीजवळ गडेगावला ट्रकचे गिअरबॉक्स बनवणारा कारखाना १९८२ पासून आहे. मोटार आमच्याकडे फक्त बिघडून आली असे नाही, ती बनवण्यातही आमचा हात आहे.

माझा पुतण्या आता त्याच रस्त्यावर गाड्या दुरुस्त करतो. त्याच्याकडे संगणक आहे, तो गाडीला जोडला की गाडी स्वतःच दुखणे सांगते. मागच्या महिन्यात एका जुन्या हौशी माणसाची अ‍ॅम्बेसेडर त्याच्याकडे आली. हेडचे गॅसकेट गेले होते. त्याने मला फोन केला, "चाचा, दादाजींचा तो पुठ्ठा आहे का?" मी घेऊन गेलो. सोबत तोंडाला बांधायचा मास्क आणि रॉकेलची बाटलीही नेली. म्हटले, "जुने गॅसकेट ओले करून काढ, कोरडे खरवडू नकोस, आणि फुंकर मारायची नाही." त्याने हसून मास्क बांधला. मग कडेच्या नटाला पाना लावला, पाव फेरा फिरवला, थांबला आणि समोरच्या कडेला गेला. त्याला हे कोणी शिकवले, मी विचारले नाही.

आठही काड्या आठ भोकांत बरोबर बसल्या. बाण रेडिएटरकडे होता.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)